कपाटामागची रेघ

४ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. साष्टांग घातला असता, पण हल्ली कंबर एकदा वाकली की परत सरळ व्हायला तिची वेगळी मनधरणी करावी लागते.

फोन न करता पत्र लिहितोय. गेल्या वेळी फोनवर ओरडलो ते तुला सोडून तुझ्या सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू गेलं. कानातलं यंत्र पेटीतच ठेवायचं असेल तर निदान पेटी तरी कानाजवळ ठेवत जा.

बातमी मोठी आहे. तळ्याकाठची बाग आठवते ना? म्हणजे जिला आपण बाग म्हणतो आणि जिच्यात तीन मोडकी बाकं, एक गंजकी घसरगुंडी आणि ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी आहे. फुलं नाहीत. तिची सुधारणा करायला समिती नेमलीय आणि मी तिचा सचिव आहे. हसू नकोस. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्यासमोर तोंड उघडायला कोणी धजत नाही, त्यामुळे ठराव पटापट होतात. एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, त्या माझं इतिवृत्त लाल शाईने तपासून परत देतात. आणि एक छत्रीवाले काका. बाराही महिने काखेत छत्री, आणि कुठल्याही विषयावर एकच प्रश्न: “आधी होतं ते काय वाईट होतं?”

आराखडा एका तरुण इंजिनियर बाईंकडे आहे. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, “पाणी आजवर जास्तीत जास्त कुठपर्यंत आलंय?” सगळे छताकडे बघायला लागले. काका म्हणाले, “येतं तिथपर्यंत येतं.” मग मी उठलो, ताई. जन्मात पहिल्यांदा भर सभेत माझ्याकडे उत्तर होतं. पाणीखात्याच्या तळघरातून तुझ्या वह्या काढून आणल्या. सव्वीस वर्षं, अकरा वह्या, रोज सकाळी सहाची पातळी, एकही रकाना रिकामा नाही. बाई तीन दिवस वाचत बसल्या. म्हणाल्या, अशी नोंद मी कुठे पाहिली नाही. सुरुवातीच्या एका वर्षात तर दोन-अडीच आठवडे अक्षर छापल्यासारखं आहे, एक खाडाखोड नाही.

तर आजवरची सर्वांत जास्त पातळी चौदा फूट दोन इंच. त्यावर दहा इंच सोडून, पंधरा फुटांच्या रेषेवर, दक्षिणेच्या कोपऱ्यात लहानग्यांचं अंगण होणार. पाच वर्षांच्या आतल्यांसाठी. वाळूचा खड्डा, पाय बुडवायचं उथळ टाकं, वर छप्पर. मुलं तळ्याकडे पळू नयेत म्हणून भोवती मोठ्या माणसाच्या छातीएवढी भिंत आणि एकच फाटक. फाटकाला कडी वरच्या बाजूला, म्हणजे मुलांचा हात पोचणार नाही. ही कडीची कल्पना माझी.

आणि त्या फाटकाशेजारी तुझ्या नावाची पाटी. ‘सव्वीस वर्षे, एकही दिवस न चुकता, ज्यांनी या तळ्याची पातळी नोंदवली...’ पुढचं मुख्याध्यापिका लिहितायत. एक बरासा फोटो पाठव. रागावलेला नको. म्हणजे शोधावा लागेल.

तुझा ढब्या
(सचिव!)


१२ फेब्रुवारी

चि. ढब्या,

पत्र मिळालं. कंबर शेक.

पाटी नको. मी पगार घेऊन आकडे लिहिले, तळं काही मी खणलं नाही.

अंगण त्या कोपऱ्यात करू नका. तिथे दुपारचं ऊन लागतं. डास फार. वर मोठ्या झाडांजवळ करा, सावलीही मिळेल. भिंत एवढी उंच कशाला? पोरं आहेत, कैदी नाहीत. आणि कडी वर लावायची बुद्धी तुला कोणी दिली? आत कोणी मोठं नसेल तर?

तळ्याकाठच्या पंपघराचं काय करताय? आत एक लोखंडी कपाट होतं. आहे का अजून?

फोटो नाही.

ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

तुझं पत्र म्हणजे नेहमीसारखी तार. एका दमात पाच हुकूम.

ऊन: छप्पर आहे, मी लिहिलं होतं. डास: वरच्या झाडांखाली जास्त. मोजायला मी स्वतः उभा राहिलो, अजून खाजवतोय. आणि झाडांजवळून चालायची वाट जाते. ती हलवायची म्हणजे गावातल्या तमाम साखरवाल्यांशी लढाई. सकाळी हात हलवत चालणारी माणसं वरून गरीब दिसतात, पण वाटेला हात लावून बघ.

भिंतीबद्दल आया खूष आहेत. कडीबद्दल तर एकीने माझे आभार मानले. आत मोठं माणूस असणारच.

पंपघर २८ मार्चला पाडणार. तिथून नवीन प्रवेशद्वार काढायचंय. तुझं कपाट जागेवर आहे. हलवायला चार माणसं लागतात, म्हणून इतकी वर्षं कोणी हलवलेलं नाही. आता भंगारवाला येऊन नेईल. तुला त्यातलं काही हवंय का? उघडून पाहिलं, एक फाटकी चप्पल आहे. तुझी असेल तर दुसरी कुठे आहे?

खरं सांगू? तुला पाटी हवीय. नको नको म्हणायची तुझी ही जुनीच पद्धत. वाढदिवसाला साडी आणली की दोन दिवस ‘कशाला आणलीस’ आणि तिसऱ्या दिवशी नेसून मैत्रिणीकडे.

फोटो!

ढब्या


१ मार्च

चि. ढब्या,

अंगण तीन फूट वर घ्या. पाच घेतलंत तर बरं. वाट हलवावी लागली तर हलवा, चालणाऱ्यांना दहा पावलं जास्त पडतील, तेवढीच साखर कमी होईल.

माझ्या वहीवर एवढा भार टाकू नका. वही म्हणजे वही. तुमच्या इंजिनियर बाईंना हे कोणी सांगितलंय का, की वरच्या धरणाची दारं उघडली तर इथे आभाळ कोरडं असतानाही तळं चढतं? भर उन्हात, पोरं खेळत असताना?

पंपघर पाडू नका. निदान यंदा नको. का, ते विचारू नकोस. चप्पल माझी नाही.

ताई


९ मार्च

ताईस,

काल बैठकीत तुझं म्हणणं मांडलं. ‘अंगण तीन ते पाच फूट वर घ्यावं असं माझ्या बहिणीला वाटतं.’ इंजिनियर बाईंनी पेन हातात घेतलं आणि विचारलं, “आकडा काय? कुठल्या वर्षीचा?” मी म्हटलं, “आकडा नाही, त्यांना वाटतं.” बाईंनी पेन खाली ठेवलं. धरणाच्या दारांचं त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, “दारं सव्वीस वर्षांत कितीतरी वेळा उघडली असतील, ते सगळं वहीत आलेलंच आहे.” बरोबर आहे ना?

छत्रीवाले काका एवढे हसले की छत्री पडली. “वही लिहिणाऱ्या बाईंचाच वहीवर भरवसा नाही, आणि आम्ही त्यांची पाटी लावतोय!” अध्यक्ष म्हणाले, “सचिवसाहेब, आधी घरात एकमत करून या.” मुख्याध्यापिकांनी हे वाक्य इतिवृत्तात घालायला लावलं.

मी काय समजायचं? तुझं आणि काकांचं पत्रव्यवहाराचं सूत जमलंय का? लहानपणापासून हेच. मी किल्ला बांधला की तू बुरूज वाकडा म्हणायचीस. मी लग्न ठरवलं तेव्हा मुलीकडच्यांना म्हणालीस, ‘बघा, हा अर्ध्यात सोडतो.’ पंचवीस वर्षं झाली, सोडलेलं नाही. तिला विचार हवं तर. बावन्नाव्या वर्षी मी एक काम तडीला नेतोय आणि ते तुझ्याच वहीवर उभं आहे, तरी तुला बघवत नाही.

अंगणाच्या भिंतीचा पाया सोमवारी भरला. आता ते हलणार नाही. तुझ्याकडे आकडा असेल तर दे. नसेल तर शुभेच्छा दे आणि गप्प बस.

सचिव,
तळेकाठ उद्यान सुधार समिती


१३ मार्च

ढब्या,

आकडा हवा होता ना? घे. सतरा फूट आठ इंच.

तो वहीत नाही. वहीत त्या दिवशी अकरा फूट सात इंच आहे. ते मी लिहिलंय आणि ते खोटं आहे.

तू एकोणीस वर्षांचा होतास. अपेंडिक्स पोटात फुटलं आणि तुला मोठ्या शहरातल्या इस्पितळात न्यावं लागलं. आई नव्हती, बाबांना दिसत नव्हतं. मी नेलं. निघताना वही पिशवीत टाकली. का टाकली ते अजून मला कळलेलं नाही, घाईत माणूस भलतंच उचलतो. माझी नोकरी कायम व्हायला महिना राहिला होता. गैरहजेरी लागली असती तर माझ्या जागेसाठी दुसरी बाई उभीच होती, आणि घरात मिळवणारी मी एकटी. दोन दिवस म्हणून गेले, सतरा दिवस राहिले. दर सोमवारी खात्याला आठवड्याचा कागद जायचा. तो मी इस्पितळातून टपालाने पाठवला. साहेबांना कागद पोचला की तळं जागेवर असायचं.

आकडे कुठून आणले? मागच्या वर्षीचे बघितले, एखादा इंच वर, एखादा खाली. तुझ्या खाटेशी बसून एका बैठकीत लिहून काढले. म्हणून तुझ्या इंजिनियर बाईंना ते अक्षर छापल्यासारखं वाटलं. खऱ्या नोंदीत अक्षर हलतं रे. हात गारठलेला असतो, वही गुडघ्यावर असते.

तेराव्या दिवशी वरच्या धरणाची दारं उघडली. इथे लख्ख ऊन होतं. पंपवाल्याने मी आल्यावर सांगितलं, सकाळी पाणी पंपघराच्या पायरीला होतं आणि जेवायच्या वेळेपर्यंत दाराच्या कडीला. चार तास. दुसऱ्या दिवशी उतरलंसुद्धा. तळं तेव्हा वस्तीपासून लांब होतं. तिकडे जायचा तो पंपवाला, मी आणि चुकलेल्या शेळ्या. पंपवाला माझ्यासाठी गप्प राहिला. आता तो कायमचाच गप्प आहे.

मी परतले तेव्हा पंपघराच्या भिंतींवर चिखलाची रेघ होती, आत आणि बाहेर, पट्टीने आखल्यासारखी. दोन दिवसांनी साहेब तपासणीला येणार होते. मी आधी ती मोजली. सवय. मग बादली आणि ब्रश घेऊन धुऊन काढली. बाहेरची धुतली, आतली धुतली. फक्त लोखंडी कपाटामागची राहिली. एकटीला कपाट हललं नाही.

नंतर का नाही बोलले, हे तू विचारशीलच. पहिल्या वर्षी बोलले असते तर नोकरी गेली असती. दहाव्या वर्षी बोलायचं तर दहा वर्षं का गप्प होते ते सांगावं लागलं असतं. काठावर तेव्हा काही नव्हतं, पाणी येऊन कोणाचं काय बिघडणार होतं? मग निवृत्त झाले. तू पाटीचं लिहिलंस तेव्हा मला वाटलं, ऊन आणि डास सांगून भागेल.

आता त्याच पंधरा फुटांवर तू पाच वर्षांच्या आतली मुलं ठेवतोयस. भोवती छातीएवढी भिंत, एक फाटक, कडी मुलांच्या हाताबाहेर. ढब्या, ते अंगण नाही, तो हौद आहे.

कपाट हलव. २८ तारखेच्या आत.

ताई


१८ मार्च

ताई,

तुझं पत्र सोळाला मिळालं. बायकोला दाखवलं नाही. एक दिवस खिशात घेऊन फिरलो आणि दर तासाला चाचपून बघितलं, जणू ते स्वतःहून बाहेर येऊन बोलायला लागेल.

काल पंपघरात गेलो. कपाट हलवायला पहारेकरी, त्याचे दोन मेहुणे आणि मी असे चौघे लागलो. ‘आतमध्ये काय आहे साहेब?’ पहारेकरी म्हणाला. मी म्हटलं, ‘चप्पल.’ कपाट हललं.

मागे रेघ आहे. खाली भिंत चहाच्या रंगाची, वर पांढरी. मेहुण्यांना बिडी ओढायला बाहेर पाठवलं आणि मोजली. फरशीपासून तीन फूट आठ इंच. फरशी चौदा फुटांवर. ही बेरीज मी चार वेळा केली, दर वेळी सतरा आठच आले. शाळेत माझी गणितं अशी कधी जुळली नव्हती.

बाहेर आलो तर अंगणाची भिंत कंबरेपर्यंत चढलेली. गवंडी मोठ्या कौतुकाने मला फाटक दाखवायला घेऊन गेला. कडी वर-खाली करून म्हणाला, “बघा साहेब, तुम्ही सांगितलं तस्सं. पोरगं कितीही उड्या मारू दे, उघडायचं नाही.” मी त्याला शाबास म्हणालो. काय म्हणू?

इस्पितळातलं मला एवढंच आठवतं की उशाशी बसून तू काहीतरी लिहीत असायचीस. मला वाटायचं कोणाला तरी पत्रं लिहितेस. मत्सर वाटायचा. मागच्या पत्रात मी जे बोललो ते फाडून टाक. किल्ल्याचा बुरूज वाकडाच होता.

आता ऐक, मी सगळं ठरवलंय. तेवीसला बैठक आहे. मी सांगणार की दक्षिणेच्या कोपऱ्याखालून जुना मुख्य नळ जातो, त्याच्यावर बांधता येत नाही. नळ आहे की नाही हे गावात कोणालाच माहीत नाही, खात्यालाही नाही. अंगण वर जाईल. अठ्ठावीसला पंपघर पडेल, त्याबरोबर रेघही जाईल. पाटी ठरल्याप्रमाणे लागेल. कपाट परत भिंतीला लावलंय. तुझं पत्र मी जाळून टाकतो. मुलं वाचली, तूही वाचलीस, कोणाला काही कळायला नको.

फक्त हो म्हण.

ढब्या


२० मार्च
(कुरियरने)

ढब्या,

हो म्हणत नाही. पत्र जाळू नकोस.

नळ! माझ्याच खात्यात, माझ्याच तळ्याकाठी, मला न विचारता नळ घातलास. मी सतरा दिवस खोटा कागद पाठवला, तू एक दिवस पाठवणार. फरक तेवढाच.

अंगण वर जाईल, कबूल. पण वही तशीच राहील. पाच वर्षांनी दुसरी समिती येईल, दुसरा सचिव येईल, त्यालाही भर सभेत उत्तर द्यायची हौस असेल. तो वही उघडेल, चौदा फूट दोन इंच वाचेल, आणि तिथे अजून काहीतरी बांधेल. तेव्हा मी नसेन. रेघही नसेल, ती तू पाडायला निघालायस. वही मात्र असेल. छापल्यासारख्या अक्षरात.

सोबत एक कागद आहे. सतरा तारखा, सतरा खोटे आकडे, एक खरा आकडा, भिंत मी धुतली हे, आणि सही. तो बैठकीत वाचायचा आणि मग वहीत चिकटवायचा. मी स्वतः येऊन वाचला असता, पण लोक काय बोलले ते मला ऐकूच येणार नाही. ती फार स्वस्तातली शिक्षा होईल.

खात्याचं काय, हे मनात आणू नकोस. त्रेसष्टाव्या वर्षी मला ते कुठल्या तळ्यावर बदली करणार?

वाचायचा की नाही ते मात्र तू ठरव. मला तेहतीस वर्षांत ठरवता आलं नाही, तेव्हा तू नाही वाचलास तरी तुला बोलायचं तोंड मला नाही.

ताई


२४ मार्च

ताई,

कागद बैठकीच्या दिवशी सकाळी मिळाला. आतल्या खिशात ठेवला आणि नळ सांगायला गेलो. होय, नळच. मी शूर माणूस नाही, हे तुला एकोणिसाव्या वर्षीच्या माझ्या ओरडण्यावरून माहीत असेल.

नळ दोन मिनिटांत मंजूर झाला. अध्यक्ष म्हणाले, “नळ आहे तर आहे.” काकांनी पहिल्यांदाच हात वर केला. म्हणाले, आधी होतं त्याला धक्का नको, नळ आधीचा आहे. इंजिनियर बाईंनी नकाशावर अंगण उचलून वर ठेवलं. बाहेरून हातोड्याचा आवाज येत होता, तो थांबवायला माणूस पाठवला. सगळं इतकं गुळगुळीत झालं की मला घाम फुटला. चहा आला. मी बिस्किटसुद्धा खाल्लं.

पुढचा विषय तुझी पाटी. मुख्याध्यापिका उभ्या राहून वाचायला लागल्या, “एकही दिवस न चुकता...” मी खाली बघत होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, ताई. तुझा कागद खिशात कुरकुरला.

मग इंजिनियर बाई म्हणाल्या, “या वह्यांचा आणखी एक उपयोग झाला. पलीकडच्या काठावर बालवाडीची इमारत होतेय. त्यांनाही पाण्याची पातळी हवी होती. चौदा फूट दोन इंच, असं मी आज संध्याकाळी कळवतेय.”

तू पाच वर्षं म्हणालीस. पाच मिनिटंही लागली नाहीत.

मी उभा राहिलो. म्हटलं, “नळ नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “आत्ताच तर होता.”

“कधीच नव्हता,” मी म्हटलं, आणि कागद काढला. तारखा वाचल्या, खोटे आकडे वाचले. नवव्या तारखेला मुख्याध्यापिकांना राहवलं नाही. “सतरा दिवस! आणि या बाई होत्या कुठे?”

“माझ्या उशाशी,” मी म्हटलं.

पुढच्या ओळी मला दिसेनात. चष्मा पुसला तरी दिसेनात. तेव्हा छत्रीवाले काका उठले, छत्री खुर्चीवर ठेवली, माझ्या हातातून कागद घेतला आणि उरलेला त्यांनी वाचला. सावकाश, प्रत्येक आकडा दोनदा. भिंत धुतल्याचंही वाचलं. मग तुझी सहीसुद्धा मोठ्याने वाचली.

तसेच सगळे पंपघरात गेलो. यावेळी कपाट हलवायला समिती होती. अध्यक्षांनी छोटा आरसा आणि टॉर्च काढून रेघ दाढ तपासावी तशी तपासली. बाईंनी खाली बसून टेपने मोजलं, आकडा लिहून घेतला. उठल्या आणि माझ्याशी एक शब्द न बोलता बालवाडीवाल्यांना फोन लावला. अंगण आता वीस फुटांवर आहे. भिंत गुडघ्याएवढी, फाटकं दोन, कडी खाली. कोपऱ्यातली भिंत गवंडी आज पाडतोय आणि माझ्याकडे बघत नाही. पंपघर पाडायचं रद्द. रेघेवर काच बसवणार.

आता कडू भाग. पाटी रद्द झाली. अध्यक्ष म्हणाले, अशा नोंदीचा सत्कार कसा करायचा? मी एकट्याने विरोधात हात वर केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या की त्यांनी आयुष्यभर मुलांना कॉपीबद्दल शिक्षा केलीय, आता अपवाद कसा करू? पण जाताना त्यांनी मला विचारलं, “तुम्ही त्यातून बरे झालात ना?” तेहतीस वर्षांपूर्वीचं विचारत होत्या. तुझ्या कागदाची प्रत खात्याला गेलीय. त्यांचं पत्र तुला येईल, गोड नसेल.

आणि मला सचिवपदावरून काढलं. नळाबद्दल. योग्यच आहे. नवीन सचिव छत्रीवाले काका. त्यांचा पहिला ठराव: उद्यापासून रोज सकाळी सहाला तळ्याची पातळी नोंदवायची, आणि ती माजी सचिवांनी. ताई, मी आजवर सहा फक्त संध्याकाळचे पाहिलेत.

कागद वहीत चिकटवला. डिंक मी लावला.

तुझा ढब्या


३० मार्च

चि. ढब्या,

खात्याचं पत्र आलं. दोन पानं, ‘खेदजनक’ चार वेळा. निवृत्तीच्या वेळी दिलेलं प्रशस्तिपत्र परत मागितलंय. फ्रेमसकट पाठवून दिलं. भिंतीवर जिथे होतं तिथे आता चौकोनी पांढरा डाग आहे. येता जाता दिसतो. पहिले दोन दिवस टोचला. शेजारीण विचारत होती, काय काढलंत? मी सांगितलं. सगळं. तिला ऐकू येतं, त्यामुळे आता सगळ्या मजल्यांना माहीत आहे. जिन्यात दोघी-तिघी गप्प झाल्या. होऊ देत.

काकांना माझा नमस्कार सांग. माझी सही दोनदा वाचली का?

पातळी कशी बघायची ते नीट वाच. वरून डोकावून बघायचं नाही, खालच्या पायरीवर उतरून पाण्याच्या रेषेत डोळा आणायचा. कंबर दुखेल. लाट बसू दे, मग वाच. आधी बघायचं, मग लिहायचं. घरी येऊन लिहायचं नाही. पायात चप्पल नको, पायरी शेवाळी आहे.

आणि ज्या दिवशी गेला नाहीस त्या दिवशी काही लिहू नकोस. मागच्या दिवसाचा आकडा बघून तर मुळीच नको. तिथूनच सुरू होतं.

ताई


११ एप्रिल
(पोस्टकार्ड)

ती. ताईस,

आज सकाळी सहा: नऊ फूट तीन इंच. खालच्या पायरीवरून, स्वतः पाहिली. कंबर दुखली. अक्षर बघ, तुला वाचता येणार नाही, वही गुडघ्यावर होती.

काल गेलो नाही. झोप लागली. जाग आली तेव्हा साडेआठ झाले होते आणि वही समोर होती. परवा नऊ फूट चार होती, म्हणजे काल काय असणार हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पेन हातात घेतलं होतं. तेवढ्यात काका घरी आले आणि माझ्या मागे उभे राहिले.

रकाना रिकामा ठेवलाय.

ढब्या